वाफेचं सोवळं

अमेरिकेत मॉरिसव्हिलला मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होतो, त्या काकांचा सिगारेट ओढायचा एक वेगळा कोट होता. मूळचा हिरवा असावा, माझ्या वेळेपर्यंत त्याला कुठलाच रंग उरला नव्हता. गॅरेजच्या भिंतीवर खुंटीला तो टांगलेला असायचा आणि त्या गॅरेजच्या बरोबर वर माझी खोली होती. तिकडे अशा खोलीला बोनस रूम म्हणतात. मला बोनस मिळाला तो हा, की काकांची प्रत्येक सिगारेट मला वर बसल्या बसल्या ऐकू यायची.

आधी स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणारं दार वाजायचं. मग घरातल्या सपाता काढून गॅरेजमधले जुने बूट चढवण्याची खटपट. मग बाजूचं दार करकरायचं आणि काका कोट घालून ड्राइव्हवेच्या टोकाला, पोस्टाच्या पेटीपाशी जाऊन उभे राहायचे. सिगारेट संपली की तिचं थोटूक वाळू भरलेल्या कॉफीच्या डब्यात खुपसायचं, परत यायचं, कोट खुंटीला, बूट जागेवर, आणि तिथल्याच सिंकवर साबणानं कोपरापर्यंत हात आणि तोंड धुवायचं. शेवटी खळखळून चूळ. एवढं सगळं उरकल्यावर तोंडात लवंग टाकून ते घरात पाऊल ठेवत. काकू म्हणायच्या, मर्तिकाला जाऊन आलेला माणूससुद्धा इतकं करत नाही.

त्यांच्या घरात देवाचं सोवळं बेताचंच होतं, पण सिगारेटचं मात्र कडक होतं. तो कोट ओवळा. त्याला हात लागला तर हात धुवायचे. मुलगी लहान असताना तिनं एकदा लपाछपीत त्या कोटामागे दडी मारली, तर काकांनी तिला भर दुपारी डोक्यावरून आंघोळ घातली होती म्हणे. नागपूरहून त्यांच्या आईचा फोन आला की पोस्टाच्या पेटीपाशी असलेले काका हातातली अर्धी सिगारेट विझवून मगच आत येत आणि फोन घेत. आई आठ हजार मैलांवर होती आणि तिला वास येण्याची सुतराम शक्यता नव्हती. पण आईशी बोलताना सिगारेट हातात धरायची नाही, हे कॉलेजात असताना ठरलेलं होतं आणि काकांचं एकदा ठरलं की ठरलं.

सत्तरच्या दशकात ते अमेरिकेत आले. एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत वजनकाटे आणि मापं बरोबर आहेत की नाहीत, हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्या कामाचा परिणाम असेल किंवा असं काम त्यांनी स्वभावामुळेच धरलं असेल, पण प्रत्येक गोष्टीला ठरलेली हद्द असावी याबद्दल ते हट्टी होते. "ज्याला शेवट नाही त्याची सुरुवात करू नये," हे त्यांचं लाडकं वाक्य. काकू डिशवर मराठी मालिका बघायच्या तेव्हा काका त्या खोलीत फिरकत नसत, कारण मालिका संपत नाही. बुफेत जेवायला जात नसत, कारण ताट संपत नाही. पाहुणे आले आणि गप्पा लांबल्या की एका क्षणी ते मांडीवर थाप मारून "बरं, झालं," म्हणत आणि उठून उभे राहत. कुणी तरीही बसलंच, तर दारातून त्याच्या चपला आणून समोर ठेवत. ही पद्धत नागपूरच्या माणसाकडे कुठून आली, असं मी त्यांना विचारलं होतं, कारण तिचा मान आम्हा पुणेकरांना मिळतो असा माझा समज होता. ते म्हणाले, पुण्याचे लोक मनातल्या मनात चपला आणतात, मी उघड आणतो.

सिगारेटवर त्यांचं प्रेम होतं ते याच कारणानं असावं. ती स्वतःहून संपायची. भारतातून कुणी नवीन आलं की त्याला गाडीत घालून काका तंबाखूची शेतं दाखवायला न्यायचे. नॉर्थ कॅरोलायना म्हणजे तंबाखूचंच राज्य. घरापासून थोडं लांब गेलं की रस्त्याच्या कडेला ती जुनी लाकडी तंबाखूची कोठारं दिसायची आणि उन्हाळ्यात गुलाबी फुलांनी भरलेली शेतं. काका गाडी थांबवून खाली उतरायचे आणि गावातलं देऊळ दाखवावं तसं ते शेत दाखवायचे. पाहुण्याला ग्रँड कॅन्यन बघायचा असायचा. पण काकांच्या गाडीत बसल्यावर काकांचंच चालायचं.

एका हिवाळ्यात तिथे बर्फाचा पाऊस झाला. झाडांच्या फांद्या बर्फाच्या भारानं मोडून तारांवर पडल्या, वीज गेली, आणि सगळी वस्ती घराघरात रजया पांघरून बसली. काका कोट घालून, छत्री घेऊन पोस्टाच्या पेटीपाशी उभे. काकूंनी मला वरून हाक मारायला लावली. मी खिडकी उघडून म्हटलं, काका, आत या, गारठून जाल. त्यांनी छत्री जराशी मागे करून माझ्याकडे पाहिलं.

"थंडी-फंडी काही राहत नाही बे," ते म्हणाले. "लोकांना कौतुक पाहिजे राहते."

छत्रीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. सिगारेट पूर्ण संपल्यावरच ते आत आले.

त्यांची मुलगी केतकी जवळच रॉलीला राहायची. ती जनावरांची डॉक्टर. जन्म अमेरिकेतला, मराठी कळायचं सगळं, बोलायची अर्धं. बापाला ती "अरे बाबा" म्हणायची आणि बाप तिला घाबरायचा. दोन हजार आठ सालच्या सुरुवातीला तिला दिवस गेले, तेव्हा बाळ कोण सांभाळणार हा प्रश्न निघाला. केतकीला पाळणाघर नको होतं आणि काकूंची बँकेतली नोकरी अजून बाकी होती. काका म्हणाले, मी रिटायर होतो, मी सांभाळतो. सगळ्यांना हसू आलं. काकांना आलं नाही. त्यांनी खरोखरच त्या महिन्यात राजीनामा दिला आणि बाळ यायच्या कितीतरी आधीपासून बाळाला आंघोळ घालायचा प्लॅस्टिकचा टब आणून ठेवला.

केतकीची अट एकच होती. सिगारेट सुटली पाहिजे. तिचं म्हणणं रास्त होतं आणि काकांनाही ते मान्य होतं. त्यांनी आधी दंडाला पट्ट्या चिकटवून पाहिल्या, त्यानं अंगाला खाज सुटली. मग निकोटिनचं च्युइंगगम आणलं. ते त्यांना पटलं नाही, कारण ते संपत नाही, आपणच कधीतरी थुंकायचं.

आणि मग त्यांच्या प्रयोगशाळेतला एक जुना सहकारी चीनला जाऊन आला आणि त्यानं काकांना ती विजेची सिगारेट आणून दिली. आज ती गल्लोगल्ली दिसते, पण तेव्हा आमच्यातल्या कुणी पाहिलेली नव्हती. दिसायला पेनासारखी लांब, ओढली की टोकाला लाल दिवा लागायचा आणि धुराऐवजी वाफ यायची. तोंडाकडच्या भागात एक छोटी नळकांडी बसवायची, त्यात निकोटिनचं पाणी. बॅटरी चार्जरला लावायची. काकांनी ती उघडून, आतली तार बघून, परत जोडून मगच ओढली. एक झुरका घेतला, वाफ सोडली, ती हुंगली, आणि म्हणाले, "वास नाही, राख नाही, आग नाही. हे धूम्रपान नाहीच."

त्या आठवड्यात सिगारेट बंद झाली. एकदम आणि कायमची. सकाळची खोकल्याची उबळ थांबली, गाडीतला वास गेला, काकूंनी आनंदानं पेढे केले आणि मलाही वर आणून दिले. केतकीनं फोनवर बापाचं कौतुक केलं, तेव्हा काका नवरदेवासारखे लाजले होते. मलाही मनापासून बरं वाटलं. खालून येणारे ते सगळे आवाज थांबले होते, त्याचा अर्थ काय होतो, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

कारण ही वाफ होती, आणि काकांच्या मते वाफेला सोवळं-ओवळं नसतं. तेव्हा कोट नको, बूट नकोत, पोस्टाची पेटी नको, हात धुणं नको. काका सोफ्यावर बसून ओढू लागले. संगणकापुढे, गाडीत, अंथरुणात, भाजी चिरताना ओढू लागले. आईच्या फोनवर बोलताना सुद्धा ती त्यांच्या हातात दिसली तेव्हा मी चमकलो. पूर्वी माणूस ओढायला बाहेर जायचा तेव्हा मधल्या वेळात तरी तो ओढत नसे. आता मधला वेळच राहिला नाही. सिगारेट संपली की संपायची. ही संपायचीच नाही. बॅटरी गेली तर दुसरी तयार, नळकांडी रिकामी झाली तर खिशात दुसरी. जन्मभर ज्यांनी शेवट नसलेल्या गोष्टीची सुरुवात केली नाही, ते काका असे सापडले.

काकू मला म्हणाल्या, पूर्वी हे घराबाहेर असायचे, पण घरात आले की घरात असायचे. आता चोवीस तास घरात आहेत आणि वाफेत दिसत नाहीत.

मग त्यांची छाती धडधडायला लागली. झोप उडाली. डॉक्टरनं तपासून सांगितलं की हृदय ठीक आहे, पण तुम्ही बहुधा पूर्वीपेक्षा जास्त निकोटिन घेताय. काकांना हा अपमान वाटला. मापांच्या माणसाला माप चुकलं असं म्हटल्यावर दुसरं काय होणार. तरी त्यांनी प्रयत्न केले. कमी ताकदीच्या नळकांड्या मागवल्या, तर झुरके वाढले. मग सगळं सामान एका डब्यात घालून डबा माझ्याकडे वर ठेवायला दिला आणि "मी मागितला तरी द्यायचा नाही," असं बजावलं. त्या संध्याकाळी ते माझ्या खोलीतलं इंटरनेट नीट चालतंय ना हे बघायला आले. मग खिडकीला फट आहे का ते बघायला आले. मग काहीच न सांगता आले आणि खुर्चीत बसून राहिले. मी मुकाट्यानं डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

सप्टेंबरात गणपती आले. काकांकडे दीड दिवसाचा गणपती असायचा आणि आसपासची मराठी कुटुंबं आरतीला यायची. सिगारेटच्या काळात काकांचा नेम होता, की स्थापनेपासून विसर्जनापर्यंत एकही सिगारेट नाही. काकू त्याला दीड दिवसाचा संन्यास म्हणायच्या आणि वर्षभर त्याचा अभिमान बाळगायच्या. त्या वर्षी काका म्हणाले, यंदा संन्यासाची गरज नाही, सिगारेट आहेच कुठे.

आरतीआधी त्यांनी दरवर्षीप्रमाणे स्टुलावर चढून छतावरच्या धुराच्या अलार्मला काकूंची आंघोळीची टोपी घातली. हे काम तिकडे प्रत्येक घरात कुणीतरी करतंच, नाहीतर कापूर लावला की अलार्म कोकलतो आणि बाप्पापुढे अग्निशमन दलाची गाडी उभी राहते. मग आरती सुरू झाली. काका मागे भिंतीशी उभे राहून एका हातानं घंटा वाजवत होते. दुसरा हात सवयीनं तोंडाकडे गेला. मोठा पांढरा ढग निघाला आणि समोर उभ्या असलेल्या एका आजींच्या अंगावरून तरंगत गेला. आजी कुणाच्या तरी सासूबाई, नुकत्याच सोलापूरहून आलेल्या. त्यांना वाटलं धूप फिरवताहेत. त्यांनी दोन्ही तळव्यांनी ती वाफ भक्तिभावानं ओढून घेतली, डोळ्यांना लावली, डोक्यावरून फिरवली आणि मागे वळून काकांना नमस्कार केला.

लोक आरती म्हणता म्हणता हसत सुटले. काकूंना हसू आवरेना. मीही हसलो, आणि तेवढ्यात केतकीकडे लक्ष गेलं. तिला सातवा महिना होता, ती खुर्चीवर बसली होती आणि एकटी हसत नव्हती.

जेवणं झाल्यावर मी रिकामी पातेली गॅरेजमध्ये ठेवायला गेलो, तर ती तिथे होती. तो जुना कोट तिनं हातात धरला होता. त्याच्या खांद्यावर कोळ्याचं जाळं धरलं होतं, ते ती बोटानं काढत होती. काका दारात उभे होते.

"बाबा, तू आउटसाइड जायचास," ती म्हणाली. "एव्हरी टाइम. स्नोमध्ये पण. मी खिडकीतून बघायचे. आय नो की ते बॅड होतं, पण मला वाटायचं, तो माझ्यासाठी थंडीत उभा आहे."

काका म्हणाले, अगं पण ही वाफ आहे.

"आय नो ते काय आहे. पण तू ते खाली ठेवत नाहीस." तिनं कोट परत खुंटीला लावला. "बेबीला दोन हात लागतात, बाबा. तुझा एकच फ्री असतो. असंच असेल, तर मी डेकेअर बघते."

ती आत गेली. काका तिथेच उभे राहिले. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, त्यात ती पेनासारखी वस्तू होती आणि तिचा दिवा अजून लागलेला होता. मला त्यांची फार दया आली. मी पातेली ठेवून वर गेलो.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं आणि त्यानंतर माझ्या खोलीखाली आवाज सुरू झाले. दार, बूट, बाजूचं करकरणारं दार, सिंक, चूळ. मी खिडकीतून पाहिलं. काका कोट घालून पोस्टाच्या पेटीपाशी उभे होते आणि वाफ काढत होते. चार्जर त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर हलवला होता, नळकांड्या सिंकशेजारी. वाफ आता ओवळी ठरली होती. घरात तिनं यायचं नाही, कोटाशिवाय तिला शिवायचं नाही, शिवलं तर हात धुवायचे. समोरच्या अमेरिकन शेजाऱ्यानं त्यांना पुन्हा जागेवर बघून काळजीनं विचारलं, सिगारेट परत सुरू केलीत काय? काका म्हणाले, नाही, फक्त कोट सुरू केलाय. शेजारी बराच वेळ मान हलवत उभा होता.

पण शेवटाचा प्रश्न राहिलाच. पेटीपाशी उभं राहिलं तरी ती वस्तू संपत नव्हती, आणि काका तिथे ताटकळत ओढत राहायचे. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा मी दुसऱ्या कुठल्याही माणसाकडे पाहिलेला नाही. त्यांनी उदबत्तीचा पुडा आणला. एक काडी मोडायची, सिगारेटएवढा तुकडा घ्यायचा, वाळूच्या डब्यात खोचून पेटवायचा आणि तो जळेपर्यंतच ओढायचं. उदबत्ती विझली की झालं, मग झुरका अर्धा राहिला तरी आत. काकू भडकल्या, देवाची उदबत्ती ओवळी केली म्हणून. तेव्हा काकांनी गॅरेजसाठी वेगळा पुडा ठेवला, त्यावर मार्करनं फुली मारली आणि तो देवाकडे जाणार नाही याची व्यवस्था केली. वस्तीतले लोक गाडीतून जाताना वाकून बघायचे. हा म्हातारा कोट घालून पोस्टाच्या पेटीला उदबत्ती ओवाळतो, अशी त्यांची खात्री झाली असणार.

हे सोपं गेलं असं नाही. सुरुवातीला काका स्वयंपाकघरात असे बसायचे की जणू स्टेशनवर गाडीची वाट बघताहेत. हात सारखा खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. इतक्या वेळा बाहेर जायचे की सिंकवरचा साबण झिजून गेला आणि तळवे फुटले. चिडचिड व्हायची, काकूंना बोलायचे, मग वर येऊन मला सांगायचे की मी तिला बोललो. एकदा बाहेर पाऊस होता, तर दारातच उभं राहून ओढावं का असा विचार त्यांनी माझ्यासमोर केला. मग स्वतःच म्हणाले, दारात ओढली की उद्या सोफ्यावर येते. आणि छत्री घेऊन गेले.

हळूहळू उदबत्तीचे तुकडे लहान होत गेले. काका मोडायचे ती काडी आधी अंगठ्याएवढी, मग पेराएवढी. छातीची धडधड थांबली. पूर्ण सुटलं नाही, सुटेल असं ते म्हणतही नसत. मी वाफेकडे जातो, ती माझ्याकडे येत नाही, एवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं. केतकी रविवारी यायची आणि खिडकीतून पेटीकडे बघायची. पाळणाघराचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. काढला नाही म्हणजे ठरलं की नाही, हे विचारायची काकांची हिंमत नव्हती. आंघोळीचा टब मात्र त्यांनी धुऊन पुसून पुन्हा जागेवर ठेवला.

डिसेंबरात मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर केतकीचा फोन आला, तो काकूंनी स्पीकरवर टाकला, म्हणून मीही ऐकला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, येताना कोट आण. मागच्या पोर्चवर मी हुक लावलाय."

काकांनी बरं म्हणून फोन काकूंकडे दिला आणि ते उठून गॅरेजमध्ये गेले. तिथे सिंकचं पाणी बराच वेळ चालू होतं, आणि त्या वेळी ते ओढायला गेलेलेच नव्हते.

पुढे केतकी कामावर रुजू झाली आणि काका रोज रॉलीला जाऊ लागले. एकदा त्यांची गाडी दुरुस्तीला होती म्हणून संध्याकाळी मी त्यांना आणायला गेलो. केतकी नुकतीच परतली होती. काका सोफ्यावर बसले होते आणि त्यांच्या दोन्ही हातांवर ती नात झोपली होती. किती वेळ ते तसे बसले होते कोण जाणे, खांदे ताठ झाले होते आणि चष्मा नाकावर घसरला होता, तो वर करायला हात मोकळा नव्हता. काचेच्या दारातून मागचा पोर्च दिसत होता. तिथे हुकाला कोट होता. खाली वाळूचा डबा.

केतकीनं पर्स ठेवली, हात धुतले, आणि त्यांच्यासमोर येऊन दोन्ही हात पुढे केले.

"मी घेते तिला," ती हळूच म्हणाली. "जा बाबा, तू आउटसाइड जाऊन ये. इट्स ओके."

काकांनी पोर्चवरच्या कोटाकडे पाहिलं. मग हातांवरच्या पोरीकडे पाहिलं. मी दाराशी त्यांचे बूट घेऊन उभा होतो, आता मांडीवर थाप मारतील आणि "बरं, झालं," म्हणतील म्हणून.

"नको," काका म्हणाले. "बाहेर थंडी आहे."